कटलासाहेब आणि बाकीचं तण

झरीच्या आठवडी बाजारातला मासा काळ्या पिशवीतून घरी जातो. वर कोथिंबिरीची जुडी ठेवायची, म्हणजे वाटेत माळकरी काका भेटले तरी ‘यंदा पाऊस कसा म्हणता’ एवढ्यावर भागतं. काकांना सगळं कळलेलं असतं. पिशवीतून पाणी गळत असतं, मागे दोन कुत्री चालत असतात. तरी बोलणं पावसाचंच.

झरी म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. इथून समुद्र गाठायचा तर पश्चिमेला पाचशेएक किलोमीटर जावं लागतं. त्यामुळे मासळीवर बोलायचा आम्हाला हक्कच नाही, असं कोकणातल्या मित्रांचं प्रामाणिक मत आहे. ‘तुमच्याकडे मासा म्हणजे पंचांगातली मीन रास,’ असं एक जण म्हणाला आणि सुरमईचा काटा काढत स्वतःच हसला. त्याला पूर्णा माहीत नाही, दुधना माहीत नाही, जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण माहीत नाही. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो हे सांगितल्यावर तर त्याला आमच्या भूगोलाची काळजी वाटली.

असो. बाजारातली पाटी बघा. सगळ्यात वर, बर्फाच्या गादीवर, कटला. तोंड उघडं, ओठ फुगलेले, सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या अध्यक्षासारखा. शेजारी रोहू, उपाध्यक्ष. मग मृगळ, ज्याला सचिव केलंय पण चेकवर सही करू देत नाहीत. कडेला चिलापी, कुणी बोलावलं हे कुणालाच आठवत नाही तरी प्रत्येक कार्यक्रमाला हजर. आणि सगळ्यात खाली, ओल्या बारदान्याखाली, करंगळीएवढे, पत्र्याच्या कातरणासारखे चमकणारे बारीक मासे. त्यांच्यात एखादा मिशाळ शिंगटा, दोन झिंगे आणि सापासारखी दिसते म्हणून जन्माची बदनाम झालेली वाम.

‘मावशी, हे बारीक कसं दिलं?’

‘ते इकायचं नाही सर. कटला घ्या, किलोवर मूठभर वरून टाकते.’

‘कामून? इकायचं कामून नाही?’

‘त्याला कोण घेतंय? काटेच काटे. ते आमच्या घरचं.’

(परभणी जिल्ह्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रत्येक माणूस ‘सर’ असतो. मी कुणालाही काही शिकवत नाही, हे सदर सोडलं तर.)

सध्या जगभर एक विषय जोरात आहे. दुर्लक्षित आणि टाकाऊ माशांचा सदुपयोग. समुद्रात जाळं टाकायचं, हवा तो मासा ठेवायचा, नको तो बहुतेक वेळा मेलेलाच परत पाण्यात लोटायचा, असं जगात दरवर्षी सुमारे ९१ लाख टन होतं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा हिशेब आहे. पकडलेल्यातला साधारण दहावा हिस्सा. यावर परिषदा होतात. परिषदेच्या जेवणात पापलेट असतं.

मराठीत मात्र हा विषय लिहायला घेतला की पहिल्या ओळीतच घोटाळा होतो. ‘दुर्लक्षित जाती’ एवढं लिहून पेन थांबलं, तर पुढे ‘माशांच्या’ येणार आहे असं महाराष्ट्रात कुणाच्याही मनात येत नाही. एक जण जीआर शोधायला लागतो, दुसरा मोर्चाची तारीख विचारतो, तिसरा आपला मतदारसंघ मोजतो.

आणि वाचणाऱ्याचं तरी काय चुकलं? माशालाही जात आहे, आणि ती कागदावर आहे. मत्स्यशेतीच्या पुस्तकात कटला, रोहू, मृगळ हे तिघे ‘भारतीय प्रमुख कार्प’. त्यांच्याहून धाकटे ते ‘दुय्यम कार्प’. आणि उरलेले बारीक? त्यांना इंग्रजी पुस्तकातून उचललेला शब्द आहे: ‘तण मासे’. रानात न पेरता उगवतं ते तण, तसं तळ्यात न सोडता जन्मतं तेही तण. तळं त्यांचं, ओढा त्यांचा, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट त्यांची. सातबारा कटल्याच्या नावावर.

ही पाटीलकी कटल्याकडे कशी आली, याची तारीखसुद्धा आहे. १० जुलै १९५७. ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची सुई टोचली आणि बांधलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. त्याआधी कार्पचं बीज पुराच्या दिवसांत नदीतून गाळून आणावं लागे आणि त्यात कुणाची पोरं किती, हे देवालाच ठाऊक. काम मोठं होतं, वादच नाही. देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो. सुई टोचून घेणाऱ्या माशाला त्या दिवशी कुणी हार घालत नाही, पण तो आपला स्वभावच आहे. त्या सुईमुळे कटला समुद्र न पाहिलेल्या परभणीच्या ताटात आला. आणि ज्यांना सुई टोचायची कुणाला गरज वाटली नाही, ते हळूहळू यादीबाहेर गेले. यादीबाहेर राहणं म्हणजे काय, हे झरीच्या पारावर कुणालाही विचारा. घरकुलाची यादी, पीकविम्याची यादी, कर्जमाफीची यादी. सगळ्यांना पाठ आहे.

तण म्हटलं की तणनाशक आलंच. बीज सोडण्याआधी तळं ‘साफ’ करायचं, त्याची पाठ्यपुस्तकी रीत अशी: मोहाची पेंड, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो. पेंडीतल्या सॅपोनिनने माशाच्या रक्तपेशी फुटतात आणि काही तासांत सगळं तळं पोट वर करून तरंगायला लागतं. उरलेली पेंड कुजून खत होते. मग सन्मानाने कटल्याची बोटुकली सोडायची, बोटाएवढी, मोजून, पावती घेऊन.

शिकारी मासा काढावा, हे मला पटतं. मरळीच्या पोटात बोटुकली गेली तर ठेकेदाराच्या पोटात गोळा येतो, बरोबर आहे. पण ज्याच्या तोंडात बोटुकलीचा डोळासुद्धा मावत नाही, त्यालाही तीच पेंड? तर म्हणे तो कटल्याचा चारा खातो. म्हणजे आरोप एकच: जिथे जन्मला तिथे जेवतो.

आता झरीहून उलटे परभणीला चला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी आणली. दाण्यात लोह जास्त, जस्त जास्त. आमच्याकडच्या बाया-लेकरांच्या अंगात जे कमी पडतं तेच भाकरीतून द्यायचं, हा विचार शहाण्या माणसाचा आहे आणि त्याला माझा दंडवत. पण गंमत बघा. ज्वारीच्या दाण्यात लोह-जस्त वाढवायला शास्त्रज्ञांची उमेदीची वर्षं लागतात. तळ्यात तेच लोह, तेच जस्त, वर चुना म्हणून कॅल्शियम, डोक्या-काट्यासकट स्वतःहून पोहत असतं. ते घालवायला पेंडीची पोती पुरतात.

हे मी माझ्या अकलेनं बोलत नाही. डॉ. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड या बाई बांगलादेशात पोषणाचं काम करायला गेल्या. तिथेही हीच तऱ्हा होती. तळ्यात कार्प सोडायचा म्हणून बारीक मासा औषध घालून मारायचे. पण गावातल्या आया सांगत की हा बारीक मासा डोळ्यांना चांगला. बाईंनी आयांचं ऐकलं (शास्त्रात ही पायरी फार जण गाळतात) आणि मासा प्रयोगशाळेत नेला. ‘मोला’ नावाचा बोटभर मासा. त्यातलं अ जीवनसत्त्व मोठ्या कार्पच्या कितीतरी पट निघालं. कारण साधं आहे. कटल्याचा आपण तुकडा खातो. डोकं, डोळे, काळीज, काटे टाकून देतो. बारीक मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत तोंडात जातो. माशाचं सगळं भांडवल त्या टाकून दिलेल्या भागांतच असतं. मग त्यांनी एकाच तळ्यात कार्प आणि मोला दोन्ही वाढवून दाखवले. कार्प बाजाराला, मोला घराला. कार्पला काही झालं नाही. बाईंना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तणाला मिळालेला हा बहुधा पहिलाच.

म्हणजे उपाय सापडलेला आहे, बक्षीसही वाटून झालेलं आहे. आता फक्त लेकराच्या ताटात मासा पडायचा राहिला.

तर ताटाकडे वळू. आपल्या शाळेच्या खिचडीत २०२३ च्या हिवाळ्यापासून आठवड्याला एक अंडं येऊ लागलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने कळवलं की अंड्याचे पैसे आता सरकारकडून मिळणार नाहीत, द्यायचंच असेल तर लोकवर्गणी काढा. पाच रुपयांचं अंडं जिथे परवडेनासं झालं, तिथे बारीक माशाची भुकटी खिचडीत घालू म्हणायला कोण उठेल? उठला तरी पहिला प्रश्न पोषणाचा येणार नाही, सोवळ्याचा येईल. पुराणातला शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसला, दर्भाची काडी लागली आणि एक डोळा घालवून बाहेर आला. आमच्याकडे तोटी अडवणाऱ्याचे दोन्ही डोळे शाबूत असतात. रात्री दिसेनासं होतं ते पलीकडे पेला धरून उभ्या असलेल्या पोराला.

बारीक माशाचं आणखी एक दुखणं आहे. त्याला नाव नाही. म्हणजे भोयांच्या घरी आहे, बाजारात नाही. बाजारात तो फक्त ‘बारीक’. आणि ज्याला नाव नाही त्याला भाव नाही, हे अक्षरांचं नाही, व्यापाराचं नातं आहे.

पंगास घ्या. पांढरा, लिबलिबीत, कुठल्याही पाण्यात वाढणारा मासा. पंगास म्हणून विकायला बसलात तर गिऱ्हाईक नाक धरतं. त्याचीच कातडी सोलली, काटा काढला, चौकोनी तुकडा केला, लिंबाची फोड ठेवली आणि कार्डावर ‘बासा’ लिहिलं, की तेच गिऱ्हाईक त्याच नाकाने वास घेऊन ‘वा’ म्हणतं. रूपचंद घ्या. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला पाकू, पिरान्हाच्या भावकीतला. पिरान्हाचा पुतण्या म्हणून आला असता तर बाजार उठला असता. आंध्रातून बर्फाच्या पेटीत बसून रूपचंद म्हणून आला आणि शेटजीसारखा गादीवर बसला. काही ठिकाणी तर तो ‘गोड्या पाण्यातलं पापलेट’ म्हणूनही चालतो. पापलेटाने अजून हरकत घेतलेली नाही. (आंध्रातल्या पेट्यांचा प्रवास कसा असतो, यावर माझा एक संशय आहे. हैदराबादेत खपलं तर खपलं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण उगाच पडली नसावी.)

नावाचा हा धंदा आपण शोधलेला नाही. १९७७ मध्ये ली लँट्झ नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्याला चिलीच्या धक्क्यावर ‘टूथफिश’ दिसला, म्हणजे दात्या मासा. असल्या नावाने कोण खाणार? त्याने त्याला ‘चिलियन सी बास’ केला. तो बास नाही, सगळा माल चिलीचाही नाही. आज पंचतारांकित ताटात त्याला टाचणीने झेंडा लावतात.

त्याहून मजेशीर गोष्ट आपल्या जवळची आहे. चंदेरा आणि गवत्या हे दोन चिनी कार्प १९५९ मध्ये आपल्या देशात आले आणि सरकारी बीजाच्या यादीत सन्मानाने बसले. हेच मासे साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेने तळी साफ करायला आणले. ते पुरात निसटले, मिसिसिपीत शिरले आणि इतके माजले की त्यातले चंदेरे बोटीच्या आवाजाने उड्या मारून माणसांच्या थोबाडीत बसू लागले. अमेरिकन माणूस ‘कार्प’ खात नाही. त्याच्या लेखी तो गाळातला, हलका. तेव्हा २०२२ मध्ये इलिनॉय राज्याने पैसे खर्चून त्याचं बारसं केलं: ‘कोपी’. म्हणजे भरपूर, मुबलक. जो मासा आमच्याकडे बोटुकली मोजून, पावती फाडून सोडतात, तो तिकडे तण. जो इकडे तण, त्याला तिकडे पुरस्कार. मासा तोच असतो. तलाठी बदलतो.

आपल्याकडे बारीक माशांत नशीब काढलं ते एकट्या गप्पीने. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ अशी अख्खी भिंत मिळाली, निळ्या रंगात, झेडपीच्या खर्चाने. तो तर खायचाही नाही.

आता उलटा प्रकार. आफ्रिकेतला एक मोठा मांगूर आहे, ज्याला इथे ‘थाई मांगूर’ म्हणतात. आफ्रिकेचा मासा थायलंडच्या नावावर. इथपासूनच कागदपत्रं गडबडलेली. खादाड, कसलीही घाण खाऊन फुगणारा, निसटला तर नदीतलं सगळं गिळणारा. त्याच्यावर देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने तळी रिकामी करून तो नष्ट करायला सांगितलं, उजनीकडच्या भागात तशा कारवायाही झाल्या. तरी तो बाजारात दिसतोच, आणि दिसतो तो ‘देशी मांगूर’ म्हणून. खरा देशी मांगूर बिचारा वीतभर, ओढ्याच्या चिखलात. त्याच्या नावाचा दाखला घेऊन हा चार किलोचा पाहुणा गादीवर. माशांसाठी जात पडताळणी समिती नेमावी, असं मी म्हणणार होतो. पण मग तिच्या अध्यक्षपदासाठी किती जण रांगेत लागतील, या विचाराने थांबलो.

कोकणातल्या मित्राला राग येऊ नये म्हणून थोडं खाऱ्या पाण्यातलंही सांगतो. तुमची ‘राणी’ आठवते? गुलाबी, देखणी, नावाने राणी आणि भावाने मोलकरीण. पापलेट-सुरमईच्या घरात तिला कुणी विचारत नसे. मग नव्वदच्या दशकात रत्नागिरीच्या गद्रे मरीनने जपानी पद्धतीचा सुरिमीचा कारखाना घातला. राणीचं मांस काढायचं, पाण्याने धुऊन धुऊन त्याचा रंग, वास, ओळख सगळं घालवायचं, साखर मिसळून गोठवायचं. त्या पांढऱ्या लगद्याला खेकड्याचा स्वाद आणि बाहेरून लाल रेघ दिली की झाली खेकड्याची कांडी. खेकडा तिच्यात नसतोच. टाकाऊ माशाला भाव आला, माणसांना काम मिळालं, परकीय चलन आलं. याहून चांगला सदुपयोग मला ठाऊक नाही. राणीला फक्त एक करावं लागलं. ती राणी आहे हे कुणाला कळता कामा नये.

दुसरा रस्ता फिशमीलचा. ट्रॉलरच्या जाळ्यात पापलेटाबरोबर जे जे येतं, चेचलेलं, कोवळं, बिननावाचं, त्याची सुकवून भुकटी. साधारण चार-पाच किलो ओल्या मासळीची एक किलो. भुकटी जाते कोळंबीच्या तळ्यात, कोळंबी जाते अमेरिकेला. पूर्वी ज्याला गिऱ्हाईक नव्हतं त्याला कारखान्याच्या दारात रोख पैसे मिळू लागले. उत्तम. मग जाळ्याचे डोळे बारीक झाले, कारण काहीही आलं तरी विकतंच. मग कोवळं पिल्लूही ‘टाकाऊ’त गेलं, उद्याचं पापलेट आज भुकटीत. शेवटी २०२३ मध्ये राज्याला ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून द्यावी लागली, की एवढ्या सेंटीमीटरच्या आत असेल तर पकडू नका. आता धक्क्यावर पट्टी घेऊन कोण उभं राहणार, हा प्रश्न विचारू नये. पट्टीचं टेंडर निघेल तेव्हा कळेल.

म्हणजे टाकाऊला भाव नसला तर समुद्रात फेकतात, आणि भाव आला तर चांगल्यालाही टाकाऊ ठरवून तराजूत घालतात. यात मधल्या काळात तो बारीक मासा कुणाच्या तरी चुलीवर शिजत होता, ही नोंद कुठल्याच अहवालात नसते. अहवालाच्या लेखी जे विकलं नाही ते वाया गेलं.

खरा टाकाऊ बघायचा तर उजनीत बघा. सकर मासा. शहरातल्या काचपेटीत शेवाळ चाटायला आणलेला, मोठा झाल्यावर कुणीतरी नदीत सोडून पुण्य कमावलेलं. अंगावर चिलखत, काट्यांनी जाळं फाटतं, गिऱ्हाईक शून्य. कोळी-भोई त्याला शिव्या देत काठावर फेकतात. मेक्सिकोत इन्फिएर्निल्यो धरणात याने चिलापीचा अख्खा धंदा बसवला. तिथे लोक त्याला सैतान मासा म्हणतात आणि त्याचं पीठ करा, खाद्य करा, असे उद्योग चालू आहेत. आपल्याकडे चिलापीला कुणी किंमत देत नव्हतं, तीच भिगवणच्या ढाब्यावर तिखट लावून लाडकी झाली. सकरचं तसं काही होईल असं मला वाटत नाही. झालंच तर नाव काय ठेवायचं ते मी सुचवीन, मानधन घेऊन.

एक आनंदाची बातमी राहिलीच. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज शेतीच्या दराने, कर्ज शेतीच्या व्याजाने, विमा शेतीसारखा. बातमी वाचून झरीचा एक कापूसवाला शेतकरी तलावावरच्या भोयाला म्हणाला, ‘या पाव्हणं, बसा. आता तुमाला बी कळंल.’

तर मी हे सगळं मावशीला सांगितलं. सगळं म्हणजे मिसिसिपी वगळून. बांगलादेशच्या बाई सांगितल्या, डोळ्यांचं सांगितलं, काटा म्हणजे कॅल्शियम हे सांगितलं. वरून टाकलेला मूठभर बारीक घरी नेला, मीठ-हळद-तिखट लावून ज्वारीच्या पिठात घोळवला, तव्यावर कुरकुरीत केला, लसणाच्या चटणीबरोबर डोक्यासकट खाल्ला. कटला तसाच फ्रीजमध्ये पडून राहिला. मावशी ऐकत होती तेव्हा तिचे हात कटल्याच्या खवल्यांवर चालू होते. मला वाटलं तिने मनावर घेतलं नाही.

पुढच्या बाजारी बारीक मासा बारदान्याखाली नव्हता. वेगळं घमेलं, त्यात बर्फ, बर्फावर हळदीच्या पानासारखं काहीतरी हिरवं, आणि त्यावर ते पत्र्याच्या कातरणासारखे मासे ओळीने झोपवलेले.

‘कसे दिले?’

‘दोनशे रुपये किलो.’

‘अहो मावशी, मागच्या बाजारी वरून टाकत होतात!’

‘तुमीच म्हणलाव ना सर, डोळ्याला चांगलं हाय. त्या ब्यांकेतल्या म्याडम आत्ताच किलोभर घेऊन गेल्या. डोकं काढू नका म्हणल्या.’

दोनशे रुपये काढून दिले. माझ्याच लेखाची किंमत, तक्रार कुणाकडे करणार? पिशवीत मासे टाकताना सहज विचारलं, ‘आन् मग घरी काय नेताव आता?’

‘घरी?’ तिने विळीच्या खाली पाहिलं. गिऱ्हाइकांनी ‘एवढं काढून टाका’ म्हणून सोडून दिलेली कटल्याची पाच-सात मुंडकी पडली होती, ओठ अजून फुगलेले. तिने ती पाण्याने खळबळली, पाटीच्या तळाशी सरकवली आणि वर ओलं बारदान ओढलं.